माहेरचं फडकं

“तुमाला परक्या घरी झोप लागते का?”

ससा घेऊन दारात उभ्या राहिलेल्या माणसाला मामा पहिला प्रश्न हा विचारायचे. सशाचं नाव, वय, खाणंपिणं सगळं नंतर. ‘लागते की, कुठंही आडवा झालो की घोरायला लागतो,’ असं कुणी कौतुकानं सांगितलं की तो माणूस मामांच्या मनातून उतरला म्हणून समजावं. मग त्याला दहा सूचना जास्त मिळायच्या. ‘मला नाही हो लागत, उशी बदलली तरी लागत नाही,’ असं म्हणणाऱ्याला मात्र ते आत बोलवायचे आणि मामींना चहा टाकायला सांगायचे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला चहा मिळाला होता. तेव्हा मी खरं बोलले होते.

मामा माझे नात्यानं कुणी नव्हते. सोलापुरातल्या एका फार्मसी कॉलेजात ते शिपाई होते. कॉलेजातली पोरं शिपायाला मामा म्हणतात, तसं त्यांनाही म्हणत. रिटायर होऊन ते शुक्रवार पेठेतल्या आपल्या घरी बसले, तर ते मामापण मागोमाग गल्लीत आलं आणि त्यांची बायकोही आपोआप सगळ्यांची मामी झाली. मूळ गाव वळसंग. घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. मामा माणसांशी मराठीत बोलायचे आणि सशांशी कानडीत. असं का, म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “मराठीत मी लई वरडलोय लोकांवर. कानडीत मला आईनं नुसतं जेव म्हनलंय.”

गावाला जाणाऱ्यांचे ससे सांभाळायचे, हा त्यांचा रिटायरमेंटनंतरचा उद्योग. आजकाल घरोघर पोरांच्या हट्टापायी ससे येतात. येताना ते गोंडस असतात. मे महिन्यात सगळ्यांना गावाला जायचं असतं तेव्हा ते अडचण होतात. कुत्रं शेजारी ठेवतात, मांजर आपलं आपण बघतं, पण सशाचं काय करायचं हे कुणालाच ठाऊक नसतं. ते मामांना ठाऊक होतं. मोबदला म्हणून ते लसूणघासाची एक पेंडी घ्यायचे, आणि तीही ज्याच्या त्याच्या सशालाच घालायचे.

त्यांच्या मागच्या पडवीत विटांचे सहा कप्पे होते. प्रत्येकात एकेक फुटका माठ आडवा करून ठेवलेला, वरून ओलं गोणपाट. सोलापूरच्या उन्हात माणूस वितळतो, तिथं अंगावर एवढी लोकर घेऊन बसलेल्या जिवाचं काय होत असेल? ससे दुपारभर त्या माठांत पोटं टेकून पडायचे. सकाळी उठल्या उठल्या मामा चष्मा लावून प्रत्येक कप्प्यातल्या लेंड्या मोजायचे. मोजल्याशिवाय चहा नाही. “सशाला आवाज न्हाय बाई,” ते सांगायचे. “रडत न्हाय, वरडत न्हाय. खायाचा थांबला म्हंजे त्यो बोलतोय. आनि तवा ऐकलं न्हाय तर दोन दिवसांत संपतंय.”

पाहुणे आले की मामींनी कुकर लावायचा नाही, हा घरातला नियम. शिट्टीनं ससे दचकतात. मिक्सर नाही, भांडी आपटायची नाहीत, मोठ्यानं टीव्ही नाही. मामी पातेल्यात वरण शिजवत बसायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला गाऱ्हाणं सांगायच्या. लोकांच्या घरी जाऊनही मामा असंच करायचे. विजापूर रोडच्या एका धडधाकट इंजिनिअर साहेबांना मामांनी त्यांच्याच हॉलमध्ये पोटावर झोपायला लावलं होतं. “हितनं बघा की, सशाच्या उंचीवरनं. काय काय दिसतंय?” साहेब म्हणाले, सोफ्याखाली चप्पल दिसते. “आनि पंख्याची सावली? ती फिरतीय न्हवं फरशीवर? त्याला ती घार वाटती.” साहेब उठले, पँट झटकली, आणि त्यांच्या बायकोनं सांगितलं की त्या दिवसापासून हॉलमधला पंखा बंदच आहे.

ह्याच साहेबांना पंधरा दिवस पुण्याला जायचं होतं आणि ससा सोबत न्यायचा होता. मामांनी त्यांच्याकडून महिनाभर तालीम करून घेतली. आधी आठ दिवस झाकणाची दुरडी हॉलमध्ये उघडी ठेवायची, ससा आपणहून आत जाऊन खाईल एवढंच. मग खाताना झाकण लावायचं, खाऊन झालं की काढायचं. मग गेटापर्यंत. मग कोपऱ्यापर्यंत. शेवटी मामा स्वतः दुरडी मांडीवर घेऊन रिक्षातून स्टेशनला गेले आणि न उतरता रिक्षा वळवायला सांगितली. रिक्षावाला चक्रावला. “मामू, उतरना नई तो आए कायकू?”

“त्याला दाखवायला आनलं,” मामा म्हणाले, “की परत जाता येतंय.”

हा किस्सा गल्लीत वर्षभर चालला. मीही तो ऑफिसात रंगवून सांगितला, रिक्षावाल्याच्या आवाजासकट. लोक हसले. मीही हसले. आता तो आठवला की हसू येत नाही.

मामांचा सगळ्यात मोठा हट्ट मात्र फडक्याचा. ससा ज्यावर झोपतो, लोळतो, ते फडकं सोबत आणायचं, आणि ते धुतलेलं चालायचं नाही. जितकं मळकं तितकं बरं. मामा त्याला ‘माहेरचं फडकं’ म्हणायचे. “ससा घर डोळ्यांनी बघत न्हाय. नाकानं बघतो. हे फडकं माठात टाकलं की त्याचं घर आलंच की हितं.” फडकं आणलं की ते आधी स्वतः नाकाला लावायचे, भरून वास घ्यायचे, मग मान हलवायचे. एका बाईंनी किळसून तोंड फिरवलं तर त्यांना म्हणाले, “तुमच्या घरचाच वास हाय ओ.”

मामींना हे ‘माहेरचं’ फार झोंबायचं. एकदा माझ्या देखत म्हणाल्या, “मी इंडीवरनं लगीन होऊन आले तवा कुनी मला इचारलं न्हाय, माहेरचं काय आनलंस का. आनलेलं पातळबी सासूनं धुवायला टाकलं पयल्या दिवशी. आता सशाला इचारत्यात!” मामा घास निवडत होते, निवडतच राहिले. पण पुढच्या खेपेला मी गेले तर मामींच्या खाटेच्या उशाशी एक जुनी, विटलेली इरकल साडी घडी करून ठेवलेली. मामी म्हणाल्या, “ट्रंकेतनं काढून दिली ह्येंनी. येडा मानूस.”

हे सगळं त्यांना कुठून कळलं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. कॉलेजात औषधं तपासायला ससे ठेवलेले असत. औषध टोचायचं आणि सशाला ताप येतो का ते बघायचं. पिंजऱ्यांच्या खोलीपासून प्रयोगाच्या खोलीपर्यंत ससे उचलून न्यायचं काम मामांचं. “वीस पावलं,” ते म्हणाले. “मोजलेली हायती. पन त्येंचा लई लांबचा प्रवास व्हता त्यो.” नुसत्या भीतीनंच सशांचं अंग तापायचं, मग औषधानं तापलं की भीतीनं, हे सरांना कळायचं नाही. मामांनी पिंजऱ्यातलं घाण झालेलं फडकं टोपलीत टाकून न्यायला सुरुवात केली. सर आधी ओरडले, मग गप्प झाले, कारण मामांनी आणलेल्या सशांचं अंग तापलेलं नसायचं. “सर म्हनले, मामा, तुमच्या हाताला गुन हाय. आता ह्या हाताचं काय कवतिक सांगू लोकांना? त्याच हातानं त्येंना तितं न्हेत व्हतो की.”

रिटायर झाल्यावर त्यांनी पहिला ससा पाळला तर तो वर्षभर त्यांच्या हाताला येईना. मामांची खात्री होती की हाताला कॉलेजच्या स्पिरिटचा वास आहे आणि तो सशाला कळतो. ते राखेनं हात धुवायचे, मातीत घासायचे, लिंबाचा पाला चोळायचे. वर्षानं एके सकाळी सशानं त्यांचं बोट चाटलं. हे सांगताना त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढे धरले होते, पोरं नखं दाखवतात तसे. “गेला वास,” म्हणाले. “कानडीत सशाला मोला म्हनतात. त्या दिवशी मला त्याचं मोल कळलं बगा.”

आता माझं सांगते.

माझी मुलगी ओवी तेव्हा नऊ वर्षांची होती आणि तिचा एक पांढराशुभ्र ससा होता, लाह्या. फुटलेल्या ज्वारीसारखा दिसतो म्हणून लाह्या. सोलापुरी चादरीच्या एका फाटक्या तुकड्यावर तो झोपायचा. त्या तुकड्याचा मूळ रंग कुणाला आठवत नव्हता. आम्ही गावाला गेलो तेव्हा लाह्या दोनदा मामांकडे राहिला, त्या तुकड्यासकट, आणि दोन्ही वेळा परत येताना अंगानं भरून आला. निघताना मामा प्रत्येक सशाला सांगायचे, “होगी बा.” म्हणजे, जाऊन ये. ओवीनं ते उचललं होतं. ती शाळेत जाताना लाह्याला म्हणायची, होगी बा. मी म्हणायची, अगं जातेयस तू, त्याला काय सांगतेस?

तिसऱ्या खेपेला मे महिना होता. कोल्हापूरला माझ्या नणंदेच्या मुलीचं लग्न, पाच दिवसांचा मुक्काम. निघायच्या आदल्या सकाळी नळाला पाणी आलं. आमच्या भागात तेव्हा पाच दिवसांआड पाणी यायचं. ज्यांनी असं पाणी भरलंय त्यांना सांगायला नको की पाण्याच्या दिवशी बाईच्या अंगात काय संचारतं. दिसेल ते धुवायचं. बेडशीट, पडदे, सोफ्याची कव्हरं, पायपुसणी. त्या भरात मी लाह्याखालचा तुकडाही ओढून बादलीत टाकला. नुसतं धुतलं नाही. साबणाच्या पावडरीत भिजवलं, ब्रशनं घासलं आणि शेवटच्या पाण्यात ते सुगंधी औषध घातलं, जे मी पाहुण्यांच्या चादरींना घालते. गच्चीवर अर्ध्या तासात खडखडीत वाळलं. चादरीचा मूळ रंग जांभळा निघाला. मला केवढा आनंद झाला!

मामांचा नियम मला माहीत नव्हता असं नाही. पण लोकांच्या घरी मळकं काही पाठवायचं म्हणजे माझ्या जिवावर यायचं. आईनं आम्हाला तसंच वाढवलं. शेजारी वाटी परत करायची तीही घासून, पुसून, तिच्यात साखर घालून. मागच्या दोन्ही खेपांना ते मळकं फडकं देताना मी मान खाली घातली होती. या खेपेला मनाशी म्हटलं, मामांचं आपलं काहीतरी, सशाला काय कळतंय?

सकाळी सहाला उन्हाच्या आत आम्ही लाह्याला घेऊन गेलो. रिक्षा दारात थांबलेली, आत नवरा घड्याळ बघत बसलेला. ओवी दुरडी घेऊन माझ्याशेजारी. मामांनी फडकं घेतलं, नाकाला लावलं आणि थांबले.

“धुतलंय का ओ, बाई?”

“नाही हो,” मी म्हटलं. “कपाटात कपड्यांत ठेवलं होतं ना, म्हणून तसा वास येतोय.”

ओवी वर बघून म्हणाली, “पण आई...” मी तिचा हात दाबला. खरं तर ओवीलाही नीट ठाऊक नव्हतं, ती काल क्लासला गेली होती. तिला एवढंच दिसलं होतं की फडकं जांभळं झालंय. मामांनी फडकं पुन्हा एकदा हुंगलं. मग म्हणाले, “बरं. तुमी म्हनताय न्हवं.” आणि लाह्याला आत घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी हळदीच्या मांडवात मोबाईल वाजला. “बाई, लाह्या कालपास्नं तोंड लावंना. माठाच्या बाहीरच बसतोय, फडक्यावर जाईना. लेंड्याबी न्हायत. घरी काय बदललंय का? साबन, फिनेल, औषध, कायबी? सांगा, म्हंजे मला तसं करता येतंय.”

माझ्याभोवती पाच-सहा बायका होत्या, हात हळदीनं पिवळे. नणंद म्हणाली, “कुणाचा फोन? सशाचा?” आणि सगळ्या हसल्या. याच नणंदेनं आदल्या रात्री जेवताना माझ्या टापटिपीचं कौतुक केलं होतं. आणि मी आदल्या सकाळी मामांच्या तोंडावर नाही म्हणून आले होते. आता हो म्हणायचं म्हणजे मी खोटं बोलले असं निघणार. तेवढंच, दुसरं काही नाही. आमच्या घराची किल्ली शेजारच्या काकूंकडे होती. लाह्याच्या पिंजऱ्याखाली एक गोणपाट होतं, ते धुवायचं राहून गेलं होतं. मी एक वाक्य बोलले असते तर मामा तासाभरात ते घेऊन आले असते. चालत गेले असते.

मी म्हटलं, “काहीच नाही बदललं, मामा. तुमच्यावर सोपवलंय ना, तुम्हीच बघा.”

ते म्हणाले, “व्हय. बगतो.”

त्यांनी काय काय केलं ते मला नंतर मामींकडून कळलं. घास वाटून त्याचं पाणी सिरिंजनं थेंब थेंब तोंडात सोडलं. पोट चोळलं. जनावरांच्या दवाखान्यात शेळ्यांच्या रांगेत दुरडी घेऊन उभे राहिले. डॉक्टरांनी सलाईन दिलं, सुई टोचली. चौथ्या दिवशी दुपारी लाह्या गेला. तो लग्नाचा दिवस होता म्हणून मामांनी फोन केला नाही. एवढ्या उन्हात ठेवता येईना म्हणून मागच्या कडुलिंबाखाली पुरला.

आम्ही परत आलो ते थेट त्यांच्या दारात. ओवी रिक्षातून उडी मारून पळाली. मामा ओट्यावर बसले होते, उठले नाहीत. त्यांनी सांगितलं. ओवी आधी हसली, तिला चेष्टा वाटली. मग रडायला लागली, आणि रडता रडता त्यांना म्हणाली, “तुम्ही मारलंत त्याला!” गल्लीतले लोक जमले. कुणीतरी विचारलं, काय झालं? आणि मी, मी म्हटलं, “आम्ही तर चांगला धडधाकट दिला होता.”

हे वाक्य मी बोलले. ते लिहिताना सुद्धा कान तापतात माझे.

मामांनी माझ्याकडे बघितलं. आता ते फडक्याचं विचारणार असं मला वाटलं. त्यांनी विचारलं नाही. त्यांचं ते विचारून झालं होतं आणि मी उत्तर दिलं होतं. ते म्हणाले, “बाईंनी सगळं नेमानं केलं व्हतं. फडकंबी न धुता दिलं. म्हंजे माझ्याच हातनं काय तरी झालं.” आणि आपल्या तळहातांकडे बघत बसले. मामी फडकं घेऊन बाहेर आल्या, ओवीपुढे धरलं. ओवीनं ते घेतलं नाही. ती मामांकडे न बघता रिक्षात जाऊन बसली.

त्या मे महिन्यातले बाकीचे चार ससे मामांनी पोचते केले आणि नवीन घेणं बंद केलं. कुणी आलंच तर सांगायचे, “हात गेला माझा.” गल्लीत बोललं जाऊ लागलं की मामांना वयामुळं आता होत नाही, एका पोरीचा ससा त्यांच्या हातून मेला. मी हे ऐकायची आणि भाजीवाल्याला कोथिंबिरीचा भाव विचारायची. सहा महिन्यांत मामा-मामी वळसंगला लेकीकडे राहायला गेले. पडवीत आता एकानं झेरॉक्सचं दुकान टाकलंय.

मी दोन वर्षं स्वतःला समजावत होते. फडक्यानं का कुठं ससा मरतो? ऊन होतं. वय झालं असेल. आधीच काही दुखत असेल. हे सगळं खरंही असू शकेल, आजही मला पक्कं सांगता येणार नाही. पण मामांना मात्र पक्कं कळू शकलं असतं, आणि तेच मी त्यांच्याकडून काढून घेतलं होतं.

गेल्या महिन्यात ऑफिसातल्या एका नव्या मुलीनं विचारलं, “मॅडम, शुक्रवार पेठेत सशांचे कुणी मामा होते म्हणे? आम्हाला गावाला जायचंय.” आणि मी डबा उघडता उघडता म्हणाले, “त्यांच्याकडे नको गं. आमचा तिथंच गेला.” कुणी जबरदस्ती केली नव्हती. हळदीचा मांडव नव्हता, दारात रिक्षा नव्हती. जीभ आपणहून बोलली, इतकी तिला सवय झाली होती. माझ्या हातातला घास हातात राहिला.

त्याच रविवारी मी वळसंगची एसटी पकडली.

घर विचारत गेले. मामा अंगणात बाजेवर बसले होते, दोन करडं आसपास उड्या मारत होती. “या की, बाई! बसा की,” म्हणाले, मधे काही घडलंच नाही अशा आवाजात. मामींना चहा टाकायला सांगितला. एक करडू त्यांच्या गुडघ्याला डोकं घासत होतं आणि मामा त्याला हात न लावता पायानं हळूच बाजूला करत होते. ते बघून मी चहाची वाट बघितली नाही.

“मामा, मी फडकं धुतलं होतं.”

त्यांना पटकन कळलं नाही. मी सगळं सांगितलं. पाण्याचा दिवस, साबण, ते सुगंधी औषध, सकाळचं खोटं, हळदीतला फोन. मान वर करवत नव्हती. मी अंगणातल्या शेणाच्या सारवणाकडे बघत सांगितलं. ते ओरडतील, निदान उठून आत जातील, असं मी धरून चालले होते. सांगून झाल्यावर वर बघितलं.

मामा हसत होते. तोंडभरून.

“म्हंजे फडक्याचंच व्हतं!” त्यांनी मांडीवर थाप मारली. “ए, ऐकलीस का गं? फडक्याचं व्हतं! साबनाचा वास हाय म्हनलं व्हतं का न्हाय मी? माज्या नाकाला खोटं पाडलं व्हतं की ओ तुमी, बाई! माठाच्या बाहीर का बसला, मला उमगंचना. फुलाचा वास लागला त्याला, त्याला वाटलं आपलं घर कुटं गेलं!”

मला वाटलं होतं, त्यांना माझा राग येईल. त्यांना माझं काही पडलेलंच नव्हतं. त्यांचं ज्ञान त्यांना परत मिळालं होतं.

मामी चहा घेऊन दारात उभ्या होत्या. त्या हसत नव्हत्या. “दोन सालं ह्यो मानूस हाताचा वास घेतोय स्वताच्या,” त्या मला म्हणाल्या. “कॉलेजाचा वास परत आलाय म्हनतोय. नातवाला उचलून घेतलं न्हाय ह्येंनी. करडाला हात लावीत न्हायती.” आणि चहाचा कप माझ्या हातात न देता बाजेवर ठेवला.

मामांनी दोन्ही तळहात नाकाशी नेले, हुंगले. मग वाकून करडू उचललं आणि मांडीवर घेतलं. त्याच्या कानामागं खाजवत कानडीत विचारलं, “ऊटा आयता?” जेवलास का? मी तिथं रडले. मामींनी मला गप्प केलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

निघताना मामांनी विचारलं, “पोरीला सांगितलं?”

“नाही.”

“मग मला कशाला आदी सांगितलं?” आवाजात राग नव्हता, लेंड्या कमी का झाल्या हे विचारावं तसं विचारलं. “ससा तिचा व्हता. जाताना ती माझ्याकडं बगत नव्हती, बाई. बाकी लोकांचं मी धरलं न्हाय.”

मग ते आत गेले आणि एक पिशवी घेऊन आले. आत ते जांभळं फडकं. “त्यातच गुंडाळून पुरावं म्हनलं व्हतं. मग वाटलं, पोरीला लागंल. जायच्या आदल्या राती मीच त्याला उचलून त्यावर ठेवला व्हता, तितंच पडून व्हता शेवटपर्यंत. आता वास हाय बगा त्याला.” मला ते नाकाला लावायचं धाडस झालं नाही. एसटी आली. मामांनी करडू काखेत धरून हात वर केला आणि मला म्हणाले, “होगी बा.”

हे होऊन बारा दिवस झाले. पिशवी माझ्या कपाटात आहे. ओवी अकरा वर्षांची झाली आहे, उंच झाली आहे, सशांविषयी बोलत नाही. रोज मी ठरवते आणि रोज तिला शाळा असते, क्लास असतो, मला डोकेदुखी असते.

आज सकाळी पाणी आलं. मी मोरीत बादल्या लावत होते. ओवी घरातलं धुणं गोळा करत फिरत होती, ते काम आता ती करते. कपाटाशी तिचे पाय थांबल्याचं मला ऐकू आलं. पिशवीचा आवाज आला.

ती मोरीच्या दारात आली तेव्हा फडकं तिच्या हातात होतं, नाकाला लावलेलं. डोळे मोठे झाले होते. ती नऊ वर्षांची दिसत होती.

“आई,” ती म्हणाली, “हे धुवायचंय?”

मी नळ बंद केला. पाण्याच्या दिवशी, पाणी चालू असताना, मी पहिल्यांदा नळ बंद केला.

“नको,” म्हटलं. “बस इथं. ते मी एकदा धुतलं होतं.”